फवारणीच्या वहीत काय लिहू?



बागेत मणी सहा ते आठ मिलिमीटरवर आलेत, दुसऱ्या डिपिंगची गडबड चालू आहे. त्यामुळे पाणी, खत, भुरी वगैरेची नोंद उद्या टाकतो. आज एकाच गोष्टीवर लिहायचंय आणि जरा लांब होणार आहे. सवडीने वाचा, पण डिपिंगच्या आधी वाचा.

परवा रात्री पलीकडच्या गावातल्या एका तरुण बागायतदाराने फोटो पाठवला. पांढरी छोटी बाटली, आत पांढरी पावडर, पाच ग्रॅम. लेबल सगळं इंग्रजीत. खाली प्रश्न : "दादा, हे सीपीपीयू ९८ टक्के आहे म्हणतात. दुकानातल्यापेक्षा निम्म्याहून कमी पडतंय. चालंल का?"

मी फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, शेती, अन्न वा औषध म्हणून वापरासाठी नाही.

मी लिहिलं, "नको."

त्याने विचारलं, "का? माल तर तोच हाय की."

माल तोच आहे हे मीही कधीतरी म्हणालो होतो. म्हणून त्याला एका ओळीत उत्तर देता येईना. हे त्याचं उत्तर.

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. निर्यातीला नोंदवलेला थॉमसनचा प्लॉट. त्या वर्षी फळछाटणीनंतर अवकाळीने दोनदा झोडपलं, डाऊनीच्या फवारण्यांवर पैसा पाण्यासारखा गेला. हात आखडता झालेला. अशात एकाने नंबर दिला. फोन केला तर समोरचा म्हणाला, "शुद्ध माल आहे, द्राक्षवाले सगळे नेतात." दोन दिवसांत कुरिअर घरी. बिल मागितलं तर "पाठवतो" म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

आता यातलं गणित बघा. सीपीपीयू म्हणजे फॉरक्लोरफेन्युरॉन. द्राक्षासाठी नोंदणी झालेलं जे औषध आपण दुकानातून घेतो ते ०.१ टक्क्याचं असतं. म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम. लिटरला एक मिली टाकलं की एक पीपीएम. हात थोडा हलला, दीड मिली पडलं, तरी दीडच पीपीएम होतं. पावडर ९८ टक्क्यांची. तिथं दोनशे लिटरला एक पीपीएम करायचं तर ०.२ ग्रॅम लागते, म्हणजे चिमटीच्याही आतला मामला. माझ्याकडं होता घरातला काटा, तो ग्रॅमच्या खाली बोलतच नाही. मग सोनाराकडे जाऊन एक ग्रॅम तोलून आणली, अल्कोहोलमध्ये विरघळवली आणि एक लिटरचं द्रावण केलं. दुकानातलं ०.१ टक्क्याचं औषध मी घरी तयार केलं होतं. लई हुशार झाल्यासारखं वाटलं त्या दिवशी.

बाटलीच्या तळाला थोडं पांढरं राहिलं होतं. हलवून ओतलं.

डिपिंगला दहा-बारा बायांची टोळी होती. मग्यात घड बुडवायचा, हलवायचा, पुढं जायचं. टोळीतल्या एक थोरल्या आक्का, आमच्या बागेत वीस वर्षं येणाऱ्या. त्यांनी मग्यात बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "न्हेमीचंच हाय न्हवं दादा?"

मी म्हणालो, "व्हय, तेच."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मणी फुगले, फोटो काढावा असे फुगले. पण देठ काडीसारखे ताठ झाले, साल जाड झाली आणि पाणी उतरायचं नाव घेईना. शेजारच्या प्लॉटात गोडी भरली तरी माझा माल हिरवागार आणि तुरट. सीपीपीयू जास्त झालं की हेच होतं, हे बागायतदाराला सांगायला नको. पण जास्त झालं का? सोनाराचा काटा चुकला, का तळातलं पांढरं शेवटच्या पिंपात जास्त गेलं, का बाटलीत लिहिलं होतं ते नव्हतंच? मला आजही माहीत नाही. कळायला काही मार्गच नव्हता.

खरी गोची झाली ती वहीपाशी. निर्यातीच्या प्लॉटला फवारणीची वही ठेवावी लागते. तारीख, औषध, कंपनी, प्रमाण, कशासाठी मारलं, सगळं. निर्यातदाराचा फील्डमन वही बघायला आला. डिपिंगच्या तारखेपुढं मी नुसतं "सीपीपीयू" एवढंच लिहिलेलं. त्याने विचारलं, "कंपनी कुठली? बॅच नंबर? बिल दाखवा."

मागच्या वर्षीचं बिल घरात होतं. ते दाखवलं असतं तर त्याने पानही उलटलं नसतं. मी गप्प बसलो. मग कपाटातली बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली.

तो बिचारा माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, आता हा प्लॉट मी पुढं नेऊ शकत नाही." प्लॉट निर्यातीतून निघाला. मी खाजगी प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला, मर्यादेच्या आत निघाला. पण तिथल्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. प्रयोगशाळा तिच्या यादीतली रसायनं शोधते. यादीत जे नाही ते तिला दिसत नाही. तुमच्या पावडरीत ९८ टक्के एक रसायन असेल, तर उरलेले दोन टक्के काय आहेत ते कुणी सांगितलंय? नोंदणीच्या औषधात ही अशुद्धीही नोंदणीच्या वेळी तपासलेली असते. आणखी एक गंमत त्यांनीच सांगितली. असल्या छोट्या बाटल्या त्यांच्याकडेही येतात. यंत्राला ओळख पटवून द्यायला शुद्ध नमुना लागतो. म्हणजे ज्या कामासाठी ती बाटली खरोखर बनते, ते काम आपल्या मालातला अंश पकडण्याचं आहे!

तो माल शेवटी लोकल मार्केटला गेला, निर्यातीच्या निम्म्याहून कमी दरात.

मग डोकं फिरलं आणि मी विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही का?"

आमच्या भावकीत एक वकील आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कीटकनाशक कायदा, १९६८ काढला. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो, कारण हा भाग आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो.

पहिलं. "कीटकनाशक" म्हणजे फक्त किडीचं औषध नव्हे. कायद्याला एक मोठी यादी जोडलेली आहे, त्या यादीत जे आहे ते कायद्याच्या दृष्टीने कीटकनाशक. बुरशीनाशकं, तणनाशकं त्यात आहेत, तशी जीए, सीपीपीयूसारखी संजीवकंही आहेत. त्यांची नोंदणी केंद्रीय नोंदणी समितीकडे व्हावी लागते, कलम ९ प्रमाणे. विकायला परवाना लागतो, कलम १३ प्रमाणे. नोंदणी नसलेला माल परदेशातून आणायला कलम १७ ची मनाई आणि विकायला, साठवायला, वाटायला, वाहून न्यायला कलम १८ ची.

दुसरं, आणि हे ऐकून मी खुश झालो होतो. कलम ३८ म्हणतं की स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवर स्वतः केलेल्या वापराला हा कायदा लागत नाही. मी म्हणालो, "म्हणजे सुटलो की!"

आबा म्हणाले, "थांब. सुटका तुझ्या रानापुरती आहे. बांधाच्या पलीकडं नाही." मग विचारलं, "उरलेलं द्रावण काय केलंस?"

उरलेलं अर्धा लिटर मी चुलतभावाला दिलं होतं. पैसे घेतले नव्हते.

आबांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "कायद्यात नुसतं 'विक्री' लिहिलेलं नाही, 'वाटप'सुद्धा लिहिलंय. पावडरीचं द्रावण करणं, बाटलीत भरणं, दुसऱ्याला देणं याला कायदा काय म्हणतो ते निरीक्षकानं विचारलं की कळेल." नशीब, भावाने ते वापरलं नव्हतं, कोठीत तसंच होतं. त्याच दिवशी परत आणलं.

म्हणून मंडळी, "ग्रुपवर दहा जण मिळून मागवू, स्वस्त पडेल" असं जे चालतं त्याबद्दल आधी सांगतो. ज्याच्या नावावर पार्सल येतं आणि जो पुड्या करून वाटतो, त्याला कलम ३८ चं पांघरूण पुरत नाही. तो शेतकरी राहत नाही, बिनपरवान्याचा विक्रेता होऊन बसतो. गावात मदत म्हणून केलेलं काम अंगाशी येतं ते असं. परदेशातून मागवलं तर कस्टमचा प्रश्न वेगळा.

तिसरं, विकणारा एवढा निर्धास्त का? कारण त्याच कलम ३८ मध्ये दुसरी एक सूट आहे. यादीतलं रसायन कीड, रोग, तण यांच्या बंदोबस्ताव्यतिरिक्त दुसऱ्या कामासाठी असेल तर हा कायदा लागत नाही. प्रयोगशाळांना ही रसायनं खरोखर लागतात. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत केळीची रोपं तयार होतात तिथं अशी संजीवकं रोज वापरात असतात. तो व्यापार सरळ आहे. त्या सरळ व्यापाराचं लेबल लावून आपल्याला माल दिला की कागदावर विकणारा मोकळा. "द्राक्षाला चालतंय" हे तो फोनवर बोलतो, लिहून देत नाही.

आणि "संशोधनासाठी" म्हटलं की आपणही संशोधक झालो असं नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून शैक्षणिक वा संशोधन संस्थांना प्रयोगासाठी सूट देऊ शकतं, तेही कलम ३८ मध्येच आहे. सूट संस्थेला मिळते. बाटलीला मिळत नाही आणि बाटली विकत घेणाऱ्यालाही नाही.

तर "फक्त संशोधनासाठी" हा मालाचा दर्जा नव्हे. आपण त्याचा अर्थ "एकदम शुद्ध, लॅब क्वालिटी" असा लावतो. त्याचा खरा अर्थ एवढाच : याचं पुढं काय होईल त्याची जबाबदारी विकणाऱ्याने घेतलेली नाही. मग ती कुणावर राहते? ज्याच्या हातात मगा आहे त्याच्यावर.

चौथं, नुकसानभरपाई. बियाणं, औषध खराब निघालं तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. पण त्यासाठी हातात काय लागतं? पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर, लेबलवर आपल्या पिकाचं नाव आणि दिलेलं प्रमाण. मी कृषी विभागाच्या निरीक्षकांकडेही गेलो होतो. ते म्हणाले, "नोंदणी क्रमांक सांगा, परवानाधारक कोण ते सांगा." माझ्याकडं सांगायला काय होतं? शेतीसाठी नाही असं छापलेली बाटली आणि एक मोबाईल नंबर.

पाचवं, अन्नाचा कायदा वेगळा. आपल्या रानात वापरायला कीटकनाशक कायदा आडवा येत नसला, तरी घड बाजारात गेला की तो अन्न होतो. ज्या औषधाची त्या मालासाठी अंशमर्यादा ठरलेली नाही त्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची सर्वसाधारण मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. युरोपातही सर्वसाधारण मर्यादा तेवढीच. हा आकडा डोळ्यासमोर येत नाही म्हणून गणित करून बघा. दहा टन द्राक्षांत मिळून १०० मिलिग्रॅम. त्या पाच ग्रॅमच्या बाटलीचा पन्नासावा हिस्सा.

२०१० चा हंगाम जुन्या बागायतदारांना आठवत असेल. क्लोरमेक्वॅट क्लोराईड, म्हणजे आपलं सीसीसी, त्याच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले होते. ते तर आपण वर्षानुवर्षं वापरत असलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध. त्याने एवढा दणका दिला. मग ज्याचं नावगाव वहीत नाही, त्याचं काय घेऊन बसलात? एकाच्या प्लॉटातल्या चुकीने गावाचा, तालुक्याचा माल संशयात येतो.

हल्ली यातली पुढची पायरी आलीय. "हे संजीवक नाही दादा, बायोस्टिम्युलंट आहे, याला कीटकनाशकाचा कायदा नाही." बरोबर आहे, त्याला खत नियंत्रण आदेश आहे. फेब्रुवारी २०२१ पासून बायोस्टिम्युलंट त्यात आणले गेलेत, आणि त्यांत कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर असता कामा नये असंही त्यात आहे. म्हणजे बाटलीतल्या "बायोस्टिम्युलंट"मुळे मण्याला सीपीपीयूसारखी फुगवण येत असेल तर खुश होण्याआधी विचारा की आत काय आहे. ना खत म्हणून नोंद, ना औषध म्हणून नोंद, असा माल आपल्या टाकीत येता कामा नये.

आता कायदा बाजूला ठेवतो. मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच.

नोंदणीच्या औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. किती विषारी ते न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून. सोबत घडीचं माहितीपत्रक असतं, त्यात मराठीतही लिहिलेलं असतं, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा. आपण ते पत्रक न वाचता फेकून देतो, पण दवाखान्यात डॉक्टर पहिलं तेच विचारतात : काय मारत होता, डबा आणलाय का? २०१७ साली यवतमाळला फवारणीत विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतरही आपण असा डबा बागेत आणायचा ज्यावर त्रिकोण नाही, उतारा नाही, मराठी अक्षर नाही?

त्या दिवशी आक्कांना किंवा टोळीतल्या कुणाला काही झालं नाही. झालं असतं तर मी दवाखान्यात काय सांगितलं असतं? "न्हेमीचंच हाय" हे मी बोललेलं खोटं होतं. कायद्याच्या कुठल्या कलमात ते बसतं ते मी आबांना विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी डिपिंगच्या दिवशी आक्कांना खरं काय ते सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इचारलं व्हतं की मी." एवढंच.

आता तुमच्या उपयोगाचं.

औषध घेताना डब्यावर हे बघा : नोंदणी क्रमांक (सीआयआर असं लिहिलेलं असतं), उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारखा, रंगाचा त्रिकोण, आतलं माहितीपत्रक आणि आपल्या पिकाचं नाव. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहायला लावा. ऑनलाईन घ्यायला हरकत नाही, २०२२ पासून परवानाधारकाला ऑनलाईन विक्रीची वाट कायद्याने मोकळी केलीय, पण परवाना आहे का ते बघायचं काम आपलं. निर्यातीचा प्लॉट असेल तर त्या हंगामाची शिफारस यादी बघितल्याशिवाय झाकण उघडू नका.

कुणी सल्लागार पावडर सुचवत असेल तर भांडू नका. एवढंच म्हणा, "साहेब, औषधाचं नाव, प्रमाण चिठ्ठीवर लिहा आणि खाली सही करा." सही झाली नाही तर उत्तर मिळालं. या पानावर कृषी पदवीधर, कंपन्यांचे फील्डमन, सल्लागारही बरेच आहेत. त्यांनाही हात जोडून सांगतो, तुम्ही फोनवर सांगता ते आम्ही लेबलपेक्षा जास्त मानतो. जे लिहून देऊ शकत नाही ते तोंडीही सांगू नका.

प्रयोग करायची हौस असेल तर जरूर करा, मीही करतो. पण नोंदणीतल्या औषधावर, एका ओळीवर, शेजारची ओळ तुलनेला सोडून. नवीन रसायनावर काही बघायचंच असेल तर कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र यांच्याकडे जा. नवं रसायन तपासणारा जबाबदार संशोधक चाचणीच्या प्लॉटातला माल खाण्यात जाऊ देत नाही. आपल्याला ते परवडणार आहे का?

आणि घरात अशी बाटली आधीच असेल तर ओढ्यात, विहिरीकाठी ओतू नका, कुणाला देऊ नका. माझी अजून कुलपात आहे.

त्या पोराला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण दादा, पैशे तर दिलेत मी." किती गेले ते विचारलं. रक्कम ऐकून मी म्हणालो, "माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलास."

शेवटी त्याला एक सोपी खूण सांगितली, तीच तुम्हाला सांगतो. टाकीत काही ओतायच्या आधी वही उघडायची. औषधाचं नाव, कंपनी, बॅच, बिल नंबर, प्रमाण हे पाच रकाने आधी भरायचे, मग झाकण उघडायचं. एक जरी रकाना मोकळा राहिला तरी डबा परत कपाटात.

आज सकाळी डिपिंग झालं. पाचही रकाने भरलेत. आक्कांनी विचारायच्या आधीच डबा त्यांच्या हातात दिला आणि त्रिकोणाचा रंग दाखवला.

उद्या भुरीची नोंद टाकतो. राम राम.